विचारवंत टोलनाक्यावर उभा होता, तेव्हाची गोष्ट

पेठकरी (धागाकर्ता)

परवा शाहू स्मारकात व्याख्यानाला गेलो होतो. विषय बुद्धिजीवींची जबाबदारी वगैरे. वक्ते बाहेरगावचे, अभ्यासू, बोललेही चांगले. मध्येच सहज मागं वळून बघितलं तर सगळी डोकी पांढरी. मी अठ्ठेचाळीसचा, आणि त्या सभागृहात पोरसवदा दिसत होतो. एक आजोबा शेजाऱ्याला माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "तरुण पिढी येतीय बघा."

बाहेर दसरा चौकात गाड्या लावून पोरं घोळक्यानं उभी. चहा घेताना त्यातल्या एकाला विचारलं, आत काय चाललंय माहिती आहे का? म्हणाला, "कुणाचा तरी सत्कार असंल."

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. कोल्हापुरात रस्त्यांच्या टोलविरुद्ध आंदोलन झालं, त्या वेळी असं नव्हतं. एन. डी. पाटील सर आणि पानसरे अण्णा, दोघंही ऐंशी ओलांडलेले. एक शेकापचे, एक कम्युनिस्ट. कोल्हापुरात या दोन पक्षांना मतं किती पडतात ते आपल्याला ठाऊक आहे. तरी त्यांच्या मागं पेठापेठांतली, तालमीतली पोरं रस्त्यावर उतरली. करारात काय लिहिलंय, रस्त्याचं मूल्यांकन कुणी केलं, गटारी-पदपथ धरले की नाही, हे मिसळीच्या कट्ट्यावर बोललं जायचं. माझ्या ओळखीचा एक गाडीमिस्त्री करारातली कलमं पाठ म्हणायचा. २०१५ च्या अखेरीस टोल गेला. पण तोवर अण्णा राहिले नव्हते. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला सकाळी फिरून येताना गोळ्या घातल्या, २० ला गेले.

मला म्हणायचंय ते असं. आमच्या तालमीत शिवाजी महाराजांवरची त्यांची पुस्तिका मी टोलच्या काळात पहिल्यांदा पोरांच्या हातात बघितली. ती १९८८ पासून बाजारात होती. आधी का नाही वाचली? कारण आधी ‘लाल बावटेवाला’ एवढीच ओळख. टोलनाक्यावर शेजारी उभा राहिलेला म्हातारा काय लिहितो, हे बघावं वाटलं म्हणून वाचली. पटली सगळ्यांना असंही नाही. पण वाचली.

आताचे विचारवंत कुठल्या नाक्यावर उभे आहेत? विचारवंतांना नावं ठेवायला धागा काढलेला नाही. मला खरंच कळत नाहीये.

उजवी_बाजू

पेठकरी, धागा चांगला आहे म्हणून लिहितोय. नाहीतर ‘पुरोगामी’ शब्द दिसला की मी पुढं जातो.

पानसरेंच्या हत्येचा निषेध मीही केला होता. बिंदू चौकात जाऊन केला होता, घरात बसून नाही. दाभोलकर, कलबुर्गी, सगळ्यांच्याच. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी दुसरा अर्थ काढणार नाही.

विचारवंतांना माणसं का कंटाळली? एका प्रकारचा अन्याय दिसला की चार तासांत पत्रक निघतं, सह्या होतात. दुसऱ्या प्रकारचा दिसला की ‘अभ्यास चालू आहे’. माणसं येडी नाहीत, मोजत असतात. दुसरं, बोलण्याचा सूर. माझी आई दर शुक्रवारी अंबाबाईला जाते. व्याख्यानात देवळाचा उल्लेख आला की वक्त्याच्या तोंडावर जे हसू येतं ना, ते आईला कळतं. ती चौथी शिकलीय, पण हसू ओळखता येतं तिला.

दूर_देशी

माहितीत थोडी भर. ‘बुद्धिजीवी’ या अर्थाचा फ्रेंच शब्द प्रचारात आला तोच शिवी म्हणून. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलं होतं. कादंबरीकार झोला याने १३ जानेवारी १८९८ ला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर राष्ट्राध्यक्षांना उघडं पत्र लिहिलं. त्याच्या बाजूनं सह्या करणाऱ्या लेखक-प्राध्यापकांना विरोधकांनी हा शब्द चिकटवला. म्हणजे, तुमचं काय काम लष्कराच्या भानगडीत, पुस्तकं लिहा की. झोलाला अब्रूनुकसानीत शिक्षा झाली, देश सोडून लंडनला पळावं लागलं.

आपल्याकडं आता ‘विचारजंत’ म्हणतात. सव्वाशे वर्षांत विनोद फारसा सुधारलेला नाही.

कागदी_घोडा

झोला कशाला, या विषयातलं पहिलं मोठं प्रकरण आपल्याच गावाच्या नावावर आहे आणि ते सोळा वर्षं आधीचं आहे. ‘कोल्हापूर प्रकरण’. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

चौथे शिवाजी महाराज गादीवर होते. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय अशी बोलवा होती आणि बोट होतं कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडं. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ नुकतेच निघालेले. टिळक-आगरकर दोघंही पंचविशीतले. त्यांनी बर्व्यांवर तोफ डागली, पत्रं छापली. बर्वे कोर्टात गेले. आणि निघालं काय, तर ती पत्रं बनावट! यांना कुणीतरी खोटी पत्रं गळ्यात मारली होती. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

मला या गोष्टीचं कायम कौतुक वाटतं, आणि ते तुरुंगवासाचं नाही. कळकळ खरी होती, शंका रास्त होती, महाराज पुढच्याच वर्षी अहमदनगरच्या किल्ल्यात वारले तेही इंग्रजांच्या पहाऱ्यात. पण कागद खोटा होता, आणि तो खोटा आहे म्हटल्यावर ‘भावना तर खरी होती ना’ असं म्हणून दोघांनी हात झटकले नाहीत. आज आलेला मेसेज खोटा निघाला तर पुढं ढकलणारा काय म्हणतो ते आठवून बघा.

आता पुढचा भाग. ज्या कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी टिळक तुरुंगात गेले, त्याच गादीवर १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक आले. वीसएक वर्षांच्या आत वेदोक्त प्रकरण उभं राहिलं. पंचगंगेच्या घाटावर स्नानाला गेलेल्या महाराजांसाठी भटजी वेदातले नव्हे तर पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे, मंत्र म्हणतोय हे ध्यानात आलं तिथून सुरुवात. आणि त्या वादात टिळकांनी वेदोक्ताच्या मागणीला विरोध केला. तेच टिळक. हिंमत कमी झाली नव्हती, बुद्धी तर नाहीच नाही. पण एका प्रश्नावर तुरुंगात जाणारा माणूस दुसऱ्या प्रश्नावर आपल्या जातीच्या कुंपणापाशी थांबू शकतो.

म्हणून उजवी_बाजू म्हणतात त्या निवडक बोलण्याचा मला राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही. रानडे बघा. कोल्हापुरातच शिकलेले, सुधारकांचे मेरुमणी. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण त्यांनी जोतीराव फुल्यांना धाडलं, आणि जोतीरावांनी उलट टपाली कळवलं की तुमच्या सभांचा आणि आमच्या लोकांच्या दुःखाचा मेळ बसत नाही. परवाच्या व्याख्यानाला दसरा चौकातली पोरं आत आली नाहीत, ती तेच कळवत होती. फक्त पत्र न लिहिता.

पेठकरी

@कागदी_घोडा, दंडवत. शेवटचं वाक्य वाचून चहा गार झाला.

भुदरगडी

मी शिकल्याला माणूस न्हाई, बारावी नापास. पण येक सांगतो.

शक्तिपीठ महामार्गाची मोजणी येनार म्हनून गावात कळलं तवा कुनालाच काय उमजंना. कोनत्या गटातनं जातोय, पाट तुटतोय का, हिरीचं काय. तवा आमच्या गावात येक रिटायर तलाठी हाईत. डोळ्याला कमी दिसतंय, भिंग लावून बघत्यात. त्येंनी आठ दिस मंदिरात बसून गाव नकाशा पसरून परत्येकाला गट नंबर दाखवून दिला. तुजं किती जातंय, तुजं किती ऱ्हातंय, हरकत कुटं आनि कवा द्यायची. कुनाकडनं च्याबी घेतला न्हाई.

त्येंना कुनी विचारवंत म्हनत न्हाई. तात्या म्हनत्यात. पन आमच्या गावात परिसंवाद झाला त्यो तेवढाच.

कोल्हापुरातनंबी लोक आलं हुतं भाषनाला. चांगलं बोललं. गाडीत बसताना येकानं विचारलं, ‘ही पिकं कसली?’ भुईमूग हुता. असू दे, शेरातल्या मानसाला काय म्हाईत. पन मोर्च्याच्या पुडं त्योच हुता म्हनून आटवलं.

तासिकावाली

भुदरगडी भाऊ, तुमच्या तात्यांना नमस्कार सांगा.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. (हो, बाई आहे. कोल्हापूरची आहे, आम्ही ‘शिकवतो’ आणि ‘आलो’च म्हणतो. पुण्याच्या मंडळींनी दुरुस्त करायला येऊ नये.) कॉलेज कुठलं ते विचारू नका, तोच तर माझा मुद्दा आहे.

पेठकरी विचारतात विचारवंत कुठल्या नाक्यावर आहेत. मी सांगतो, दुचाकीवर आहेत. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी तीस किलोमीटरवर दुसऱ्या कॉलेजात दोन तास. पगार तासावर, सुट्टी लागली की शून्य. नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. मुलाखतीच्या खुर्चीत संस्थेची माणसं असतात आणि संस्था कुणाची असते ते मी लिहायची गरज नाही. निवडणुकीत वर्गातली मुलं बूथवर न्यायची वेळ येते तेव्हा बुद्धिजीवीची जबाबदारी म्हणजे किती मुलं आणली तो आकडा.

मागं एकदा एका स्थानिक प्रश्नावर मी चार ओळी फेसबुकवर लिहिल्या. सौम्य होत्या, कुणाचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोलावून अतिशय प्रेमानं सांगितलं, "मॅडम, तुम्ही हुशार आहात, पुढच्या वर्षी आपल्याला तुम्ही हव्या आहात." बस. धमकी म्हणता येणार नाही असं वाक्य. मी पोस्ट काढली. घरात दोघांची औषधं चालू आहेत.

यावर ‘मग पूर्वीच्या लोकांना नोकऱ्या नव्हत्या का’ असं कुणी म्हणेल. होत्या. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. लिहीत होते बाबासाहेब. त्या पत्राला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मग मार्चमध्ये माणगावची परिषद, अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक अध्यक्ष, आणि शेजारी राजा बसलेला, जो लोकांना सांगतोय की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला.

मला त्या प्रसंगात राजाचं मोठं वाटतं. आपल्यापेक्षा शिकलेला माणूस पुढं करायचा आणि आपण बाजूला बसायचं. आता उलट आहे, शिकलेल्यानं पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या विशेषांकात लेख लिहायचा. मीही लिहिलाय एक. वाईट नव्हता.

उजवी_बाजू

तासिकावाली ताई, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. माझा मुद्दा तसाच आहे, पण तो तुमच्यासारख्यांना उद्देशून नव्हता, हे नमूद.

संपात_की_सोबत

एवढं सगळं लिहून काय उपयोग. ७ जून २०२३ ला याच शाहूंच्या नगरीत स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी जुलैत विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरं फोडली. कुठं होते तुमचे तालमीतले वाचक?

पेठकरी

@संपात_की_सोबत, लागलं. खरं सांगायचं तर त्यातली काही पोरं आमच्याच भागातली होती. टोलच्या वेळची नव्हेत, तेव्हा ती शाळेत होती. त्यांच्या पहिल्या राजकीय अनुभवात कुणी करार वाचून दाखवला नाही. एक मेसेज आला, एवढंच.

त्याच्या वर्षभर आधीचं आठवतं का? ६ मे २०२२. महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली म्हणून सकाळी दहाला अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं होतं. रिक्षा, केएमटी, भाजीवाल्या, सगळं. मी व्हीनस कॉर्नरला होतो, अंगावर काटा आला होता. थांबलो सगळेच. आता वाटतं, ज्या माणसानं १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच्याविषयी त्या शंभर सेकंदांच्या पलीकडं त्या पोरांना आम्ही काय सांगितलं?

नदीकाठचा

मी सिव्हिलमधला. निवृत्त. राजकारणावर सहसा लिहीत नाही, पण ‘विचारवंत’ म्हणजे फक्त इतिहास-साहित्यवाले असं धरून चर्चा चाललीय, ते खटकलं. या गावात ज्ञान आणि सत्ता यांची गाठ दर पावसाळ्यात पडते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर. पाणी ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २००५, २०१९, २०२१. आकडे सगळ्यांना पाठ, कारणं कुणालाच ऐकायची नाहीत.

२०१९ च्या महापुरानंतर वडनेरे समिती नेमली. २०२० ला अहवाल आला. त्यांनी पुराचं खापर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर फोडलं नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पात्रात, पूररेषेत आपण केलेली बांधकामं यांच्याकडं बोट होतं. हे कोल्हापुरात किंवा सांगलीत उभं राहून म्हणून बघा. कर्नाटकचा एजंट ठरवतील. अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर न्यायला विरोध करायला माझी हरकत नाही, त्याचा वेगळा अभ्यास व्हावा, व्हायलाच हवा. पण गंमत अशी की अलमट्टीवर सर्वपक्षीय एकमत आहे, आणि निळ्या पूररेषेच्या आत कुणाचा भराव पडला यावर सर्वपक्षीय मौन. दोन्हीला सर्वपक्षीय का, ते समजून घ्या.

मी नोकरीत असताना एका प्लॉटच्या फाइलवर ‘पूरक्षेत्रात येते’ असं लिहिलं होतं. फाइल माझ्याकडून काढून घेतली, दुसऱ्यानं सही केली. मी पुढं काही केलं नाही. माहितीचा अधिकार होता, पत्रकार ओळखीचे होते, काही केलं नाही. २०१९ ला त्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून बोटीनं माणसं काढली, ते मी टीव्हीवर बघितलं.

झोला, टिळक सगळे थोर. माझ्या मते या काळाचा बुद्धिजीवी तो, ज्याच्याकडं फाइल असते.

कागदी_घोडा

नदीकाठचा, तुमच्या प्रतिसादावर काही लिहावं असं नाही. तरी एक.

सरकारच्या विरोधात बोलणं अवघड असतंच. आणीबाणीत कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून बोलल्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री. त्यांच्यासमोर दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, आणि पुढं त्यांना अटक झाली. पण तेव्हा सभागृह त्यांच्या बाजूनं होतं, निदान मनातून. तुम्ही म्हणता ते याहून अवघड: आपल्याच गल्लीला, आपल्याच पूरग्रस्ताला सांगायचं की दोष धरणाचा कमी, भरावाचा जास्त. त्याला टाळ्या नाहीत आणि अटकही नाही. नुसती शेजारी बोलायची बंद होतात.

एन. डी. सरांचं हेच थोर वाटतं. शरद पवारांचे सख्खे मेहुणे, आणि रायगडच्या सेझविरुद्ध, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध, उभे राहिले. जेवणाच्या ताटावर काय होत असेल देव जाणे.

उजवी_बाजू

एन. डी. सरांना माझ्याकडून पूर्ण मार्क. हे नाव या धाग्यावर सगळ्यांना चालतं, बघा. का चालतं? माणसाच्या राहणीत आणि बोलण्यात फट सापडत नाही म्हणून. माझ्या आईलाही ते माहीत होते. ‘ते टोलचे सर’ म्हणायची.

अवांतर: बिंदू चौकात फुले-आंबेडकरांचे पुतळे आहेत, ते १९५० ला भाई माधवराव बागलांनी उभे केले, बाबासाहेब हयात असताना. बागल मूळचे चित्रकार. मी तिथून रोज जातो, हे मला चाळिशीत कळलं. ते सांगणारा माणूसही डावाच होता, काय करता.

पेठकरी

मंडळी, एक सुचतंय. नदीकाठचा, तुम्ही आमच्या तालमीत येऊन पूररेषेचा नकाशा समजावून सांगाल का? भाषण नको. भुदरगडीच्या तात्यांसारखं, नकाशा पसरून. कुणाचं घर कुठल्या रेषेत, एवढंच. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या घरांत २०१९ ला पाणी होतं, ती येतील. व्याख्यान म्हटलं की येणार नाहीत, ‘तुझं घर नकाशात दाखवतो’ म्हटलं की येतील.

नदीकाठचा

येईन. मोठ्या आकारात प्रिंट काढावी लागेल, ती मी काढतो. रविवार नको, गुडघ्याची पट्टी असते. आणि एक अट. मी भरावाबद्दल बोलणार. तुमच्या मंडळाच्या कमानीवर ज्यांचे फोटो असतात त्यांना ते आवडणार नाही.

उजवी_बाजू

मी येतो. पहिला प्रश्न माझा, अलमट्टीवर.

भुदरगडी

तात्यांस्नी घिऊन यतो. भिंग त्येंचं हाय.

तासिकावाली

मलाही यायचं आहे. माझ्या वर्गातल्या सात-आठ मुली पण येतील, आंबेवाडी-चिखलीच्या आहेत, दर पुरात घर सोडतात. पेठकरी, तुमच्या तालमीत बायकांना आत घेतात का?

पेठकरी

...

चांगलं विचारलंत. आतल्या हौद्याकडं नाही घेत. पुढच्या पडवीचं काय, ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. उद्या संध्याकाळी वस्तादांना विचारून इथंच कळवतो.